बुकशेल्फ घ्यावेत की टॉवर? घरच्या स्पीकरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी ऑडिओ सिस्टिम घ्यायची ठरली की बहुतेकांची गाडी याच प्रश्नावर अडते. माझं मत आधीच सांगून टाकणं बरं: हा निर्णय स्पीकरच्या उंचीकडे बघून घ्यायचा नसतो. खालचा बास कोण काढणार, तो तुमच्या खोलीला झेपणार का आणि तुम्ही स्पीकरपासून किती लांब बसणार, एवढं ठरवलं की बुकशेल्फ की टॉवर हे जवळजवळ आपोआप ठरतं.

दोघांत नेमका फरक काय?

बुकशेल्फ म्हणजे साधारण ३० ते ४० सेंटीमीटर उंचीची पेटी. तिच्यात बहुतेक वेळा दोनच ड्रायव्हर (आवाज काढणारे घटक) असतात, वर उंच सुरांसाठी एक इंची ट्वीटर आणि खाली खालच्या सुरांसाठी ४ ते साडेसहा इंची वूफर. टॉवर जमिनीवर उभा राहतो. त्याची उंची साधारण ९० ते १२० सेंटीमीटर असते, वूफर दोन किंवा तीन असतात आणि काही मॉडेलमध्ये मधल्या सुरांसाठी वेगळा मिडरेंज ड्रायव्हरही असतो. पेटीतल्या हवेचं आकारमान टॉवरमध्ये तीन-चार पट किंवा त्याहूनही जास्त असतं, आणि पुढचे बरेचसे फरक तिथूनच निघतात.

जागेच्या बाबतीत मात्र मोठा गैरसमज आहे. बुकशेल्फ नीट वाजवायचा तर तो स्टँडवर ठेवावा लागतो आणि स्टँडचा पाया जमिनीवर टॉवरइतकीच जागा अडवतो. ‘जागा कमी आहे म्हणून बुकशेल्फ’ हे कारण टेबलावर किंवा कपाटात ठेवणार असाल तरच खरं.

मग बुकशेल्फ खरोखर कपाटात ठेवले तर चालतात का?

चालतात, पण थोडी काळजी घ्यावी लागते. स्पीकरचा दर्शनी भाग फळीच्या कडेला आणा. तो आत ढकलून ठेवला तर फळीवरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि गायकाचा गळा पेटीतून आल्यासारखा वाटतो. स्पीकरखाली रबराचे जाड पॅड ठेवा, नाहीतर बासबरोबर फळीही थरथरते. पोर्ट, म्हणजे पेटीतली हवा आतबाहेर होण्यासाठीचं भोक, मागच्या बाजूला असेल तर मागे दहा-पंधरा सेंटीमीटर मोकळे सोडा. बऱ्याच कंपन्या पोर्टमध्ये बसवायचा फोमचा बोळा सोबत देतात. कपाटात तो लावून बघाच, फुगलेला बास बराच आटोक्यात येतो.

छोट्या पेटीतून चांगला बास निघू शकतो हे दाखवून दिलं ते एडगर विलचर यांनी. १९५४ साली अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एआर-१ या स्पीकरमध्ये त्यांनी बंद पेटीत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला. तोवर खोल बास हवा असेल तर भलंमोठं कपाट लागायचं. त्या पिढीतले ‘छोटे’ स्पीकर आजच्या बुकशेल्फपेक्षा चांगलेच मोठे आणि जड होते, ही गोष्ट वेगळी.

टॉवरचा बास जास्त खोल का जातो?

कारण बास म्हणजे हवा ढकलण्याचं काम आहे. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा, म्हणजे समजा ८० हर्ट्झऐवजी ४० हर्ट्झला, तर वूफरच्या कोनला (हवा ढकलणाऱ्या पडद्याला) चौपट पुढेमागे हलावं लागतं. छोट्या वूफरची हालचालीची मर्यादा इथे पटकन संपते. एका साडेसहा इंची वूफरचं हवा ढकलणारं क्षेत्रफळ साधारण १३० ते १४० चौरस सेंटीमीटर भरतं. टॉवरमध्ये असे दोन असले की क्षेत्रफळ दुप्पट होतं, त्याच आवाजासाठी प्रत्येकाला निम्मंच हलावं लागतं आणि आवाजातलं विरूपण (डिस्टॉर्शन) घटतं.

दुसरी गोष्ट पेटीची. हॉफमन यांचा ‘लोखंडी नियम’ म्हणून स्पीकर बनवणाऱ्यांमध्ये एक नियम ओळखला जातो. खोल बास, छोटी पेटी आणि थोड्या वीजशक्तीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. बुकशेल्फ बनवणारा पेटी छोटी ठेवतो, म्हणून त्याला बास तरी सोडावा लागतो किंवा सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वीजशक्तीत किती मोठा आवाज निघतो ते) तरी. टॉवर बनवणारा पेटी मोठी करून दोन्ही थोडंथोडं कमावतो.

याचं बोलकं उदाहरण बीबीसीचा एलएस३/५ए हा स्पीकर. १९७०च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी तो बाह्यप्रसारणाच्या गाड्यांसारख्या अडचणीच्या जागांसाठी तयार केला. उंची जेमतेम ३० सेंटीमीटर, सेन्सिटिव्हिटी सुमारे ८३ डेसिबल, म्हणजे फारच कमी. खोल बास त्यांनी जाणूनबुजून सोडून दिला, कारण हवा होता तो माणसाचा आवाज, अगदी जसाच्या तसा. त्या आवाजासाठीच तो आजही नावाजला जातो. काय सोडायचं हे नेमकं कळलं तर छोटी पेटीही किती दूर जाते, हे त्यावरून दिसतं.

म्हणजे कुठलाही टॉवर कुठल्याही बुकशेल्फपेक्षा खोल वाजणार?

तसं नाही. कॅटलॉग वाचताना फक्त ‘४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असं लिहिलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. किती डेसिबलच्या घसरणीला तो आकडा धरलाय ते बघा. उणे ३ डेसिबलला ४५ हर्ट्झ सांगणारा स्पीकर आणि उणे १० डेसिबलला ४० हर्ट्झ सांगणारा स्पीकर यांत पहिला बहुधा जास्त भरदार वाजेल. पेटी बंद आहे की पोर्टची हेही बघा. बंद पेटीचा बास एका सप्तकाला साधारण १२ डेसिबलने हळूहळू उतरतो, तर पोर्टच्या पेटीचा साधारण २४ डेसिबलने, म्हणजे कडा तुटल्यासारखा.

एका चांगल्या बुकशेल्फची मर्यादा ५० हर्ट्झ आणि त्याच मालिकेतल्या टॉवरची ३८ हर्ट्झ धरू. हे अंतर अर्ध्या सप्तकापेक्षाही कमी आहे. डबल बासची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, पाच तारांच्या बास गिटारची ३१ हर्ट्झला आणि पियानोची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झला. म्हणजे टॉवर डबल बासपर्यंत पोचतो, पियानोच्या तळापर्यंत तोही पोचत नाही. टॉवरचा खरा फायदा किती खाली जातो यापेक्षा मोठ्या आवाजातही तो किती सहज वाजतो यात आहे. आवाज वाढवला की बुकशेल्फचा बास आधी आक्रसतो, मग वूफर धापा टाकायला लागतो. टॉवर त्या जागी निवांत असतो.

माझ्या खोलीला कोणता बरा?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली तुम्ही जे ऐकता त्यात स्पीकरइतकाच खोलीचाही हात असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही विशिष्ट लहरी अडकून घुमतात. ३४३ ला भिंतींमधल्या मीटरमधल्या अंतराच्या दुपटीने भागलं की पहिली घुमणारी वारंवारता मिळते. ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद खोलीत हे आकडे सुमारे ४३ आणि ५७ हर्ट्झ येतात.

आता अशा खोलीत ३५ हर्ट्झपर्यंत वाजणारा टॉवर उभा केला तर तो नेमका याच दोन्ही घुमणाऱ्या लहरींना पूर्ण ताकदीने जागवतो. काही सूर भसाभस मोठे, काही गायब, आणि डग्ग्याचा प्रत्येक घुमारा एकाच सुरात. ५५ हर्ट्झच्या आसपास उतरायला लागणारा बुकशेल्फ त्याच खोलीत जास्त स्वच्छ वाजतो. तो स्पीकर म्हणून सरस असतो असं नाही, खोलीचं दुखणं तो उकरून काढत नाही इतकंच. छोट्या खोलीत टॉवर आणून निराश झालेले लोक बहुतेक वेळा स्पीकरला दोष देतात. दोष जोडीचा असतो.

अंतराचाही विचार करा. दोन-तीन वूफर, मिडरेंज आणि ट्वीटर एका उंच पेटीत पसरलेले असले की त्यांचे आवाज एकजीव व्हायला थोडं अंतर लागतं. मी अडीच मीटरपेक्षा जवळ बसणाऱ्याला मोठा टॉवर सुचवत नाही. दोन मीटरच्या आत बसणार असाल तर डोळे मिटून बुकशेल्फ. खोली १२ चौरस मीटरच्या आसपास असेल तरीही बुकशेल्फच. २० चौरस मीटरच्या पुढे आणि ऐकायचं अंतर ३ मीटरच्या वर गेलं की टॉवरची बाजू भक्कम होते. मधल्या पट्ट्यात दोन्ही चालतात, तिथे पुढचे प्रश्न निर्णय देतील.

हॉल स्वयंपाकघराला किंवा जेवणाच्या जागेला उघडा जोडलेला असेल तर फक्त सोफ्याभोवतालची जागा मोजू नका. बासच्या दृष्टीने ती सगळी एकच खोली आहे.

आणि एक, पडदे आणि गालिचे यांनी वरचे सूर शांत होतात, खणखणाट कमी होतो, पण घुमणाऱ्या बासवर त्यांचा जवळजवळ काहीही परिणाम होत नाही. तिथे कामाला येते ती बसायची जागा बदलणं. पाठ भिंतीला टेकलेली असेल तर बास फुगतो, खोलीच्या लांबीच्या अगदी मध्यावर बसलात तर पहिल्या घुमणाऱ्या सुराचा बास हरवतो. खुर्ची फूटभर पुढेमागे करून बघा, फुकटातला इतका मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

आमच्याकडे स्पीकर भिंतीलाच चिकटवून ठेवावे लागतील. मग?

मग शक्यतो बुकशेल्फ, आणि त्यातही बंद पेटीचे किंवा भिंतीजवळ ठेवण्यासाठीच बनवलेले. भिंत जवळ आली की खालचे सूर वाढतात. टॉवरमध्ये ते आधीच भरपूर असतात, त्यात भिंतीची भर पडली की गाण्यावर बासचं पांघरूण येतं.

‘पोर्ट पुढे आहे, आता भिंतीची चिंता नाही’ असं अनेकदा ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं. पुढच्या पोर्टमुळे हवेला वाट मोकळी राहते, पण खालचे सूर पेटीला वळसा घालून सगळीकडे पसरतात, त्यामुळे भिंत त्यांना वाढवणारच.

भिंतीपासून मध्यम अंतरावरही एक खोड आहे. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेली लहर सुमारे १४३ हर्ट्झला मूळ लहरीला मारते आणि तिथे खड्डा पडतो. नेमका पुरुषी आवाजाचा भारदस्तपणा तिथेच असतो. अंतर बदललं की खड्डा सरकतो. म्हणून स्पीकर जागेवर ठेवून मोकळं होऊ नका, थोडा थोडा सरकवत ऐका.

बुकशेल्फसोबत सबवूफर घ्यावा की सरळ टॉवर?

छोट्या आणि मध्यम खोलीसाठी माझं उत्तर बुकशेल्फ आणि सबवूफर (फक्त खालच्या सुरांसाठीचा वेगळा स्पीकर). कारण साधं आहे. गायक मधोमध उभा दिसावा, वाद्यं आपापल्या जागी कळावीत यासाठी स्पीकर कुठे ठेवायचे ते ठरलेलं असतं: तुम्ही आणि दोन स्पीकर मिळून साधारण समभुज त्रिकोण. बास मात्र त्या जागेवरून चांगला येईलच असं नाही. टॉवरमध्ये दोन्ही कामं एकाच पेटीला बांधलेली असतात. सबवूफर वेगळा असला की तो खोलीत जिथे सरळ वाजेल तिथे नेता येतो. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कोणत्या दिशेने येतोय हे कानाला फारसं कळत नाही, म्हणून क्रॉसओव्हरची (कोणते सूर सबवूफरकडे आणि कोणते स्पीकरकडे जाणार त्या सीमेची) सुरुवात तिथूनच करतात.

सबवूफरची जागा शोधायची एक जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासचं एखादं गाणं लावा आणि खोलीच्या कडेने गुडघ्यांवर फिरत ऐका. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा. दोन सबवूफर परवडत असतील तर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवून बघा. हार्मन या ऑडिओ कंपनीत टॉड वेल्टी यांनी २००२च्या सुमारास केलेल्या अभ्यासात ही मांडणी बास अनेक आसनांवर सारखा करण्यात फार उपयोगी ठरली.

यात एक मेख आहे आणि विक्रेते ती क्वचित सांगतात. सबवूफर जोडल्याचा पूर्ण फायदा तेव्हाच मिळतो जेव्हा ८० हर्ट्झच्या खालचे सूर बुकशेल्फकडे जाणं बंद होतं. तसं झालं की छोट्या वूफरचं ओझं उतरतं आणि मधले सूरही मोकळे होतात. एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर) हे करतो. पण बऱ्याच साध्या स्टिरिओ अ‍ॅम्पमध्ये सबवूफरसाठी जोडणी असते, मुख्य स्पीकरकडे जाणारे खालचे सूर अडवणारी गाळणी (फिल्टर) नसते. बुकशेल्फ तिथे पूर्वीइतकाच राबतो. अ‍ॅम्प घेण्याआधी ही एक ओळ माहितीपत्रकात शोधा.

सबवूफरला लेव्हल, फेज (स्पीकरच्या लहरींशी ताळमेळ), क्रॉसओव्हर हे सगळं जुळवावं लागतं. त्यात एखादी सुट्टी घालवायची तुमची तयारी नसेल तर टॉवर घ्या. वाईट जुळवलेला सबवूफर चांगल्या टॉवरच्या जवळपासही फिरकत नाही. बासकडे दुर्लक्ष करणं हा मात्र पर्याय नाही. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी २००४ साली श्रोत्यांच्या पसंतीवर मांडलेल्या गणितात खालच्या बासच्या पल्ल्याचा वाटा सुमारे ३० टक्के निघाला.

माझा अ‍ॅम्प टॉवरला पुरेल का?

बहुतेक लोक उलटं समजतात. टॉवरची सेन्सिटिव्हिटी सहसा जास्त असते, त्यामुळे त्याला तेवढ्याच आवाजाला वॅट कमी लागतात. हिशोब करून बघू. तुम्ही ३ मीटरवर बसलात, सरासरी ७५ डेसिबलवर ऐकता आणि गाण्यातले उंच झटके ९५ डेसिबलला जातात. ८५ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा बुकशेल्फ असेल तर अंतरामुळे साधारण ७ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकरमुळे ३ वाढतात, म्हणजे प्रत्येकी १ वॅटला तुमच्या कानापाशी ८१ डेसिबल पोचतात. उरलेल्या १४ डेसिबलसाठी सुमारे २५ वॅट लागतील. ९० डेसिबलच्या टॉवरला तेच काम सुमारे ८ वॅटमध्ये जमतं. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट होतात हे लक्षात ठेवलं की हा हिशोब कुणालाही करता येतो.

टॉवरची अडचण वेगळी आहे. समांतर जोडलेल्या अनेक वूफरमुळे त्याचा विद्युतरोध (इम्पीडन्स) अनेकदा ४ ओहमपर्यंत, कधी ३ ओहमपर्यंत उतरतो. अशा वेळी अ‍ॅम्पला जास्त विद्युतप्रवाह द्यावा लागतो आणि किरकोळ अ‍ॅम्प तापतो किंवा बंद पडतो. अ‍ॅम्पच्या मागच्या पट्टीवर ४ ओहमची परवानगी लिहिलेली आहे का ते आधी पाहा. सेन्सिटिव्हिटीचा आकडाही तपासून घ्या. तो बहुधा २.८३ व्होल्टला मोजलेला असतो, म्हणजे ८ ओहमला १ वॅट, पण ४ ओहमला २ वॅट. ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा बघताना मनातल्या मनात ३ डेसिबल वजा करा.

अडीच-वे, थ्री-वे यांचा काय अर्थ?

टू-वेमध्ये वूफर खालचे आणि मधले सूर सांभाळतो, वरचे ट्वीटर. थ्री-वेमध्ये मधल्या सुरांना स्वतंत्र ड्रायव्हर मिळतो, म्हणून बासच्या धक्क्यांनी गाणाऱ्याचा आवाज डहुळत नाही. अडीच-वेमध्ये दोन सारखे वूफर असतात आणि त्यातला एक फक्त खालच्या सुरांपुरता वाजतो. वे जास्त म्हणजे स्पीकर चांगला असं समीकरण मांडू नका. वाईट क्रॉसओव्हरचा थ्री-वे हा सरळसोट टू-वेपेक्षा कानाला जास्त टोचतो.

एकाच किमतीत बुकशेल्फ आणि टॉवर दोन्ही मिळत असतील तर?

बजेट कमी असेल तर बुकशेल्फ, यात मला शंका नाही. टॉवरच्या किमतीतला मोठा हिस्सा लाकूड, पॅकिंग आणि वाहतूक खातात. उरलेल्यात जास्त ड्रायव्हर बसवायचे म्हणजे प्रत्येक ड्रायव्हर हलका येणार. शिवाय टॉवरच्या बाजू मोठ्या असतात. आतून नीट आडवे आधार दिले नसतील तर त्याच बाजू वाजायला लागतात. बोटाने टकटक करून बघा. पोकळ, लांबणारा आवाज आला तर तोच आवाज गाण्यातही मिसळणार.

मधल्या बजेटपासून पुढे तुलना बरोबरीची होते. एकाच मालिकेत बुकशेल्फ आणि टॉवर दोन्ही असतील तर ट्वीटर अनेकदा तोच असतो. तेव्हा आपण जास्तीचे पैसे नेमके बास आणि मोठ्या आवाजासाठी देतोय, हे डोळ्यांसमोर ठेवा. बुकशेल्फच्या बाजूला चांगल्या स्टँडची किंमतही धरा. ती विसरली की तुलना खोटी ठरते.

स्टँड लागतोच का? किती उंचीचा?

ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीत आला पाहिजे. सोफ्यावर बसल्यावर कान बहुधा ९० ते १०० सेंटीमीटरवर असतो, म्हणून ६० ते ७० सेंटीमीटरचे स्टँड प्रचलित आहेत. पोकळ धातूचा स्टँड असेल तर त्यात कोरडी वाळू भरा, वजन वाढतं आणि धातूचा टणत्कार जातो. टॉवरची उंची बदलता येत नाही. बैठक खूप खाली असेल तर ट्वीटर डोक्यावरून जाईल, तेव्हा पुढचे पाय किंचित खाली घेऊन टॉवर पुढे झुकवता येतो का ते पाहावं.

घरात लहान मुलं असतील तर दोन्ही पडू शकतात हे विसरू नका. टॉवरला रुंद पाय जोडा, आणि बुकशेल्फ स्टँडच्या वरच्या पट्टीला चिकट पुट्टीने बसवा.

मी रात्री हळू आवाजात ऐकतो. टॉवरचा उपयोग होईल?

फारसा नाही. आवाज कमी केला की कानाला बास मधल्या सुरांपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं होतं. टॉवरचा सहजपणा मोठ्या आवाजात दिसतो, हळू आवाजात ते बळ वापरातच येत नाही. अ‍ॅम्पवर लाउडनेसचं बटण किंवा बासची कळ असेल तर ती निःसंकोच वापरा, ती याचसाठी असते. शेजाऱ्यांची काळजी असेल तर लक्षात घ्या की भिंत आणि स्लॅब ओलांडून जाणारा आवाज मुख्यतः बासचाच असतो. तो कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग सबवूफर बंद करणं, आणि टॉवरमध्ये ती सोय नाही.

सिनेमाही बघायचा आहे.

मग सबवूफर लागणारच, टॉवर असले तरी. सिनेमातल्या स्फोटांचे आणि गडगडाटाचे सूर २०-३० हर्ट्झपर्यंत उतरतात, बहुतेक टॉवर तिथे पोचतच नाहीत. सबवूफर येणारच असेल तर पुढे तीन एकाच मालिकेतले स्पीकर घेण्यात पैसा जास्त सत्कारणी लागतो, कारण संवादाचा मोठा भार मधल्या म्हणजे सेंटर स्पीकरवर असतो. टॉवर घेतलेत तरी रिसीव्हरमध्ये ते ‘स्मॉल’ लावा आणि क्रॉसओव्हर ६० किंवा ८० हर्ट्झला ठेवा. इतके मोठे स्पीकर ‘स्मॉल’ लावताना जीवावर येतं, पण त्या शब्दाचा अर्थ फक्त खालचे सूर सबवूफरकडे वळवा एवढाच आहे.

बुकशेल्फची इमेजिंग टॉवरपेक्षा चांगली असते, हे खरं का?

इमेजिंग म्हणजे गायक आणि वाद्यं आपापल्या जागी कळणं. पूर्वी हे जास्त खरं होतं. अरुंद दर्शनी भाग आणि जवळजवळ बसवलेले दोनच ड्रायव्हर यामुळे आवाज एका बिंदूतून आल्यासारखा वाटतो. आजचे अनेक टॉवरही अरुंद असतात, आणि नीट मांडले, तुमच्याकडे थोडे वळवले, तर ते कुठे कमी पडत नाहीत.

दुकानात ऐकून निवड कशी करावी?

दोन्ही स्पीकर समान आवाजात ऐका. एक डेसिबलनेही मोठा वाजणारा स्पीकर ‘जास्त जिवंत’ वाटतो, आणि टॉवर तोच व्हॉल्यूम ठेवला तरी मोठा वाजतो कारण त्याची सेन्सिटिव्हिटी जास्त असते. फोनमधलं साधं ध्वनिमापक अ‍ॅपही दोघांची बरोबरी करायला पुरतं.

डोळ्यांवरही विश्वास ठेवू नका. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात स्पीकर समोर दिसत असताना श्रोत्यांनी दिलेले गुण पडद्याआडच्या गुणांपेक्षा वेगळे निघाले, आणि छोटी सिस्टिम दिसली की तिचे गुण घसरले. सोबत कुणी असेल तर डोळे मिटून बसा आणि त्याला तुम्हाला न सांगता स्पीकर बदलायला लावा.

तुमच्या ओळखीची रेकॉर्डिंग न्या: एक फक्त गळा आणि एक-दोन वाद्यांचं, एक खोल बासचं, एक खूप वाद्यांच्या गर्दीचं. पहिल्यावर गाणाऱ्याचा आवाज माणसाचा वाटतो का ते बघा. तो नसेल वाटत तर बाकी काहीही ऐकू नका. घरी नेऊन ऐकायची मुभा मिळत असेल तर ती घ्याच, कारण दुकानातला बास हा दुकानाच्या खोलीचा असतो.

जुने टॉवर स्वस्तात मिळतायत, घ्यावेत का?

वूफरच्या कडेचा वर्तुळाकार पट्टा आधी तपासा. तो फोमचा असेल तर वर्षांनुवर्षं दमट हवेत राहून भुगा होतो, रबराचा असेल तर खूप टिकतो. कोन दोन्ही बाजूंना बोटं ठेवून हलकेच सरळ आत दाबा. खरखर झाली तर आतली कॉइल (तारेचं वेटोळं) घासतेय. प्रत्येक ट्वीटरला कान लावून दोन्ही बाजूंची तुलना करा. आणि सौदा करण्याआधी तुमच्या जिन्यातून तीस किलोची उंच पेटी वर कोण नेणार ते ठरवा.

आत्ता बुकशेल्फ घेऊन पुढे टॉवरकडे जाणं शहाणपणाचं आहे का?

हो, पण मध्ये एक पायरी ठेवा. बास अपुरा वाटायला लागला की आधी सबवूफर आणून बघा. बऱ्याच जणांची टॉवरची ओढ तिथेच थांबते. त्यानंतरही मोठ्या आवाजात स्पीकर थकतो असं जाणवत असेल आणि खोली मोठी असेल, तर टॉवर आणा. सबवूफर त्यांच्यासोबतही कामाला येतो आणि जुने बुकशेल्फ सिनेमासाठी मागचे सराउंड स्पीकर होतात किंवा अभ्यासाच्या टेबलावर जातात.